जुन्या तबकड्या आणि एलपी: धुणं, ठेवणं, वाजवणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आजोबांच्या पेटीत जुन्या रेकॉर्ड्स सापडल्या. सगळ्यात आधी काय करू?

पुसू नका आणि वाजवूही नका. पहिल्या उत्साहात होतं ते हेच: हाताला येईल ते फडकं घेऊन तबकडी खसाखसा पुसली जाते आणि शेजाऱ्यांकडून आणलेल्या प्लेअरवर लगेच लावली जाते. वर बसलेली धूळ म्हणजे बारीक वाळूच असते. कोरड्या फडक्याने ती खाचांमध्ये घासली जाते आणि सुई ती आणखी खोल रुतवते. जी तबकडी साठ-सत्तर वर्षं शाबूत राहिली, ती अशा एका संध्याकाळी कायमची खराब होऊ शकते.

पेटी हवेशीर, सावलीच्या खोलीत आणा. एकेक तबकडी कडेला आणि मधल्या लेबलला धरून बाहेर काढा, खाचांना बोट लावू नका. मग एवढंच ठरवा: ही लाखेची आहे की व्हिनाइलची, म्हणजे एका प्लास्टिकची? पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

लाखेची आणि व्हिनाइलची कशी ओळखायची?

आधी लेबल वाचा. मिनिटाला ७८ फेऱ्यांची असेल तर ती जवळजवळ नक्की लाखेची. ३३⅓ (म्हणजे एलपी, लाँग प्ले) किंवा ४५ लिहिलं असेल तर व्हिनाइल. लेबल पुसट झालं असेल तर हातात घेऊन वजन पाहा. लाखेची तबकडी जड, जाड आणि ताठ असते. नखाने कडेला हलकेच टिचकी मारली तर टणक आवाज येतो, व्हिनाइलचा आवाज बोदा येतो. वाकवून मात्र पाहू नका, लाखेची असेल तर हातात दोन तुकडे येतील.

नुसत्या आकारावर जाऊ नका. बहुतेक ७८ च्या तबकड्या दहा इंची असतात हे खरं, पण दहा इंची एलपीही निघाल्या आहेत.

सालाचा अंदाजही फसवू शकतो. अमेरिकेत कोलंबिया कंपनीने एलपी १९४८ मध्ये आणली आणि आरसीए व्हिक्टर कंपनीने ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी १९४९ मध्ये. पण आपल्याकडे लाखेच्या तबकड्या १९६० च्या दशकातही निघत होत्या, बीटल्सचीसुद्धा गाणी भारतात ७८ वर निघाली. त्यामुळे ‘आईच्या लग्नानंतरची आहे, म्हणजे प्लास्टिकचीच’ असं धरून चालू नका.

एका बाजूला गाणं आणि दुसरी बाजू कोरी असेल तर जरा जास्तच जपा. गायिका गौहर जान यांचं कोलकात्यातलं पहिलं ध्वनिमुद्रण १९०२ सालचं. त्या पहिल्या काही वर्षांतल्या तबकड्या एकाच बाजूच्या असत. ध्वनिमुद्रण इथे होई आणि तबकड्यांच्या छपाईसाठी ते जर्मनीत हॅनोव्हरला जाई. कोलकात्यातला सियालदहचा कारखाना सुरू झाला तो १९०८ मध्ये.

इतका फरक का पडतो? दोन्ही काळ्या तबकड्याच ना?

लाखेची तबकडी नुसती लाखेची नसते. लाख हा बांधणारा पदार्थ, त्यात दगडाची बारीक पूड, काजळी आणि सुताचे तंतू मिसळलेले असतात. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार लाकडाला पॉलिश करताना चपडा स्पिरिटमध्ये विरघळवतो, तीच ही लाख. म्हणजे स्पिरिटचा बोळा फिरवला की वरचा थर, पर्यायाने गाणंच, बोळ्यावर येतं. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी. त्याला पाण्याचं आणि सौम्य साबणाचं वावडं नाही, उष्णतेचं मात्र मोठं वावडं आहे.

तिसराही प्रकार आहे, क्वचित दिसणारा. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर काळ्या लॅकरचा लेप असतो, लेबलवर बहुधा टाइप केलेला किंवा हाताने लिहिलेला मजकूर असतो आणि मधल्या भोकाच्या कडेला धातू चमकतो. ही स्टुडिओत किंवा नभोवाणीसाठी थेट कोरलेली तबकडी. तिची दुसरी प्रत बहुधा नसतेच. लेप कालांतराने आकसतो, तडकतो, कधी पांढरट चिकट थर वर येतो. अशी तबकडी घरी धुऊ नका आणि एकदाही वाजवू नका. उभी ठेवा आणि ध्वनिसंग्रहाचं काम करणाऱ्या जाणकाराला दाखवा.

धुवायला पाणी कुठलं वापरायचं?

डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड. बॅटरीच्या दुकानात, पेट्रोल पंपावर ‘बॅटरीचं पाणी’ म्हणून पाच लिटरचा कॅन मिळतो, तो चालतो. फक्त डीमिनरलाइज्ड वॉटर असं छापलेलं पाहून घ्या. त्याच दुकानात बॅटरीचं ॲसिडही तशाच कॅनमध्ये असतं.

नळाचं पाणी वाळलं की क्षार मागे राहतात. बोअरवेलचं पाणी तर त्याहून वाईट. घरच्या प्युरिफायरच्या पाण्यातही थोडे क्षार असतात. बादलीच्या कडेला जो पांढरा थर बसतो, तोच खाचांत बसला की प्रत्येक फेरीला टिक्‌टिक् ऐकू येते.

व्हिनाइल घरी कशी धुवायची, सविस्तर सांगाल?

हो. पद्धत सोपी आहे, घाई तेवढी नको.

टेबलावर जाड, स्वच्छ टॉवेल पसरा. लिटरभर डिस्टिल्ड पाण्यात फोटोग्राफीच्या दुकानातलं कोडॅक फोटो-फ्लो मिळालं तर पाच-सहा थेंब घाला. नाही मिळालं तर रंग आणि सुवास नसलेल्या भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब पुरतात. पाण्याचा ताण मोडून ते खाचांच्या तळापर्यंत उतरावं, एवढंच त्या थेंबांचं काम. फेस येत असेल तर लिक्विड जास्त झालं.

आधी कोरडी धूळ कार्बन फायबरच्या किंवा अगदी मऊ केसांच्या ब्रशने उचलून घ्या. मग लेबल वाचवत तबकडीवर पाणी पसरा. लेबल झाकायला प्लास्टिकच्या डब्याचं योग्य मापाचं झाकण हाताने दाबून धरलं तरी काम भागतं. एक-दोन मिनिटं पाणी मुरू द्या. मग मऊ ब्रश किंवा मायक्रोफायबरचं कापड खाचांच्या दिशेने, म्हणजे गोल गोल फिरवा. आडवं कधीही नाही. जोर लावायचा नाही, ब्रशच्या स्वतःच्या वजनाएवढा दाब खूप झाला. मळ जास्त असेल तर दाब न वाढवता पाणी बदला आणि पुन्हा करा.

त्यानंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा खळबळून घ्या. लोक बहुधा इथेच कंटाळतात, आणि मग साबणाचा पातळ थर राहून सुईवर लोण्यासारखा गोळा जमतो. शेवटी दुसऱ्या कोरड्या मायक्रोफायबरने टिपून घ्या आणि भांड्यांच्या जाळीत तबकडी सावलीत उभी करा. ऊन नको, हेअर ड्रायर नको, थेट पंख्याचा झोतही नको, कारण पंखा ओल्या तबकडीवर धूळ आणून बसवतो. पूर्ण वाळल्यावर नव्या पाकिटात घाला. धुतलेली तबकडी जुन्या, धुळकट पाकिटात परत घातली तर सगळी मेहनत वाया जाते.

एलपीच्या एका बाजूची खाच उलगडून सरळ केली तर साधारण चारशे मीटर भरते, आणि तिची रुंदी केसापेक्षाही कमी असते. त्यामुळे एका बैठकीत चार-पाचच तबकड्या घ्या आणि नीट धुवा.

आणि लाखेची? तिला पाणी चालतं का?

चालतं, पण थोडं आणि थोडा वेळ. भिजत घालायची नाही. पूड आणि सुताचे तंतू ओल शोषतात, विशेषतः कड उडालेली किंवा बारीक चीर गेलेली असेल तिथून पाणी आत शिरतं. थंड डिस्टिल्ड पाण्यात वरच्यासारखेच मोजके थेंब, मऊ ब्रश, लगेच स्वच्छ पाण्याचा हात आणि लगेच टिपून कोरडं. एक तबकडी पूर्ण झाल्यावरच दुसरी हातात घ्या. गरम पाणी अजिबात नको.

लेबलची काळजी इथे दुप्पट घ्या. जुन्या लेबलांची शाई ओली झाली की पसरते, सोनेरी अक्षरं निघून येतात. ओडियन, ट्विन, मुंबईच्या यंग इंडियासारख्या शिक्क्यांच्या तबकड्यांवर गाणाऱ्याचं नाव, रागाचं नाव, नाटकाचं नाव लेबलवरच असतं. पाकीट केव्हाच गेलेलं असतं. लेबल गेलं की मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी आणि एखाद्या अनामिकाची तबकडी यांत फरक सांगणारा एकच पुरावा जातो.

आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरू का?

लाखेवर आणि लॅकरवर कधीच नाही. व्हिनाइलवर बोटांचे तेलकट डाग निघत नसतील तर पाण्यात पाचव्या हिश्शापर्यंत मिसळून वापरणारे बरेच जण आहेत. मी साध्या पाण्याने भागत असेल तर वापरत नाही. सॅनिटायझर मात्र दोन्हींना वर्ज्य, त्यात ग्लिसरीन आणि सुगंध असतो.

खोबरेल तेल, रॉकेल, रिठा, फेव्हिकॉल, काचेचा स्प्रे… घरात कोणी ना कोणी सुचवतंच!

खोबरेल तेलाने लाखेची तबकडी काळीभोर चमकते, म्हणून जुन्या घरांत तो हात फिरवला जाई. तेल खाचेत राहतं, धूळ धरून ठेवतं आणि बुरशीला अन्न पुरवतं. रॉकेल आणि गंज काढायचे स्प्रे यांचंही तेच, शिवाय ते लेबल खातात. काचेच्या निळ्या स्प्रेमध्ये अमोनिया किंवा अल्कोहोल असू शकतं, तोही नको.

रिठ्याबद्दल लोक फार विश्वासाने विचारतात, कारण पैठणीला आणि दागिन्यांना तो चालतो. रिठा खरंच सौम्य आहे, पण त्याच्या पाण्यात फळाचा बारीक गर असतो. तो खाचेत वाळून बसतो.

फेव्हिकॉलचा थर लावून तो वाळल्यावर सोलून काढायचा प्रयोग व्हिनाइलवर करतात, कधी तो जमतोही. पण थर मध्येच फाटला तर तुकडे खाचेत राहतात, आणि लाखेवर हे केलं तर पृष्ठभागच सोलून निघण्याचा धोका असतो. प्रिय तबकडीवर हा प्रयोग करू नये असं माझं ठाम मत आहे.

पावसाळ्यात पांढरी बुरशी येते. कोकणात राहतो, काय करू?

मुंबई, कोकण आणि गोव्यातल्या संग्रहाचा हा खरा शत्रू आहे. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते, आणि जून ते सप्टेंबर किनारपट्टीवर आर्द्रता याच्या बरीच वर असते. ती तबकडीवरची धूळ, बोटांचं तेल आणि पाकिटाचा कागद-खळ यांवर जगते. व्हिनाइलवरची बुरशी वेळेत धुतली तर बहुतेक वेळा माग न ठेवता जाते. लाखेवर मात्र ती पृष्ठभाग खाते आणि तिथे कायमची खरखर उरते. म्हणून लाखेच्या तबकड्यांकडे आधी पाहा.

बुरशी आलेल्या तबकड्या बाकीच्यांपासून लगेच वेगळ्या करा. काम गॅलरीत किंवा अंगणात करा, नाकावर एन-९५ मास्क बांधा. दमा असलेल्याने हे काम करूच नये. आतलं कागदी पाकीट टाकून द्या. पुठ्ठ्याचं कव्हर सावलीत वाळवून मऊ ब्रशने झटका, ओल्या फडक्याने पुसलंत तर डाग पसरेल. तबकडी वर सांगितल्याप्रमाणे धुवा. नंतर ते कापड आणि ब्रश वेगळे धुवा, दुसऱ्या तबकडीला लावू नका.

भर पावसात मात्र धुऊ नका, कारण नीट वाळत नाही. तेव्हा फक्त वेगळ्या करून कोरड्या खोलीत उभ्या ठेवा. मोठी धुलाई दिवाळीनंतर काढा, हवा कोरडी झालेली असते आणि ऊन तापलेलं नसतं.

पुढच्या वर्षी पुन्हा येऊ नये म्हणून कपाटाची जागा बदला. बाहेरच्या, पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीला टेकलेलं कपाट आतल्या भिंतीला आणा आणि मागे चार बोटं जागा सोडा. आत एक स्वस्त आर्द्रतामापक ठेवा. आकडा ५० च्या आसपास राहिला तर उत्तम. सिलिका जेलच्या पुड्या चालतात, पण त्या भरल्या की गरम करून पुन्हा कोरड्या कराव्या लागतात, नाहीतर नुसती शोभा. संग्रह मोठा असेल तर पावसाळ्याचे चार महिने डीह्युमिडिफायर चालवणं हा खर्च मला योग्य वाटतो.

विदर्भात उलटा त्रास आहे: तबकडीला धूळ चिकटते, हात लावला की चट्‌कन शॉक बसतो.

कोरड्या हवेतली ती स्थिर वीज. पाण्याने धुतल्यावर बरीच कमी होते. वाजवण्याआधी कार्बन फायबरचा ब्रश फिरवा आणि कागदी पाकिटांऐवजी अँटीस्टॅटिक पाकिटं वापरा. उन्हाळ्यात गाडीत तबकड्या ठेवून बाजारात जाऊ नका. बंद गाडीत काचेमागच्या उन्हात व्हिनाइल मऊ पडून वाकते.

स्वच्छ धुतली, तरी खरखरते. का?

कारण तो मळ नाही, झीज आहे. खाचेची भिंतच झिजलेली असेल तर कुठलंही पाणी ती परत आणणार नाही. आणि झीज बहुतेक वेळा सुईने केलेली असते.

चावीच्या ग्रामोफोनची पोलादी पिन एका बाजूला एकच वापरायची, असा नियम होता. लाखेत दगडाची पूड मिसळण्यामागे हेही एक कारण होतं: पहिल्या काही फेऱ्यांत ती पिनेला घासून खाचेच्या आकारात बसवते. तीन मिनिटांची बाजू संपेपर्यंत पिनेच्या टोकाची छिन्नी झालेली असते. तीच पिन पुन्हा लावली की छिन्नी खाच तासत जाते. पिना महाग वाटत म्हणून एकच पिन दहा-दहा गाण्यांना वापरली जाई. त्या तबकड्या आज करड्या दिसतात.

आजच्या प्लेअरवर हिऱ्याची सुई साधारण ५०० ते १००० तास चालते. जुना प्लेअर असेल आणि सुई शेवटची कधी बदलली हे घरात कोणालाच आठवत नसेल, तर आधी सुई बदला, मग रेकॉर्ड लावा. सुईही पुसायची असते, मऊ ब्रशने मागून पुढे.

एकाच सुईवर ७८ आणि एलपी दोन्ही वाजवता येतील?

नाही. ७८ च्या खाचेला साधारण ७५ मायक्रॉन टोकाची सुई लागते, एलपीला १८ ते २५ मायक्रॉनची. एलपीची सुई ७८ मध्ये लावली तर ती खाचेच्या तळाशी लोळते आणि मळच वाजवते. जुन्या कार्ट्रिजमध्ये (सुई बसवलेला भाग) सुई उलटवायची कळ असते, एका बाजूला ७८ आणि दुसऱ्या बाजूला एलपी. ती कुठे आहे ते पाहिल्याशिवाय प्लेअरचा हात खाली सोडू नका.

चावीच्या ग्रामोफोनवर एलपी तर कधीच लावू नका. त्याच्या डोक्याचं वजन शंभर ग्रॅमच्या पुढे, आजच्या चांगल्या कार्ट्रिजचं सुईवरचं वजन दोन ग्रॅमच्या आसपास. एकदाच वाजवून एलपी संपते.

कपाटात कशा ठेवायच्या?

उभ्या. अगदी काटकोनात, तिरक्या नाहीत, कोंबून नाहीत. थप्पी लावली की खालच्यांवर वजन येतं, लाखेच्या तडकतात, एलपी वाकतात. दहा इंची आणि बारा इंची वेगळ्या ठेवा. फळी जाड हवी: शंभर एलपी कव्हरांसकट वीस-पंचवीस किलो भरतात, लाखेच्या त्याहून जड. जमिनीपासून वीतभर वर ठेवा, पाणी शिरण्याची भीती आणि वाळवी दोन्हींसाठी.

आतली पाकिटं पॉलिथीनची किंवा आम्लरहित कागदाची घ्या. मऊ, वासाच्या पीव्हीसी पाकिटांतून सुटणारं द्रव्य तबकडीवर धुकट थर आणतं, तो धुऊन जात नाही. डांबराच्या गोळ्याही ठेवू नका, त्यांची वाफ काही प्लास्टिकना मऊ करते. कव्हरांना कसर लागू नये म्हणून सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे कोरडेपणा आणि दर दोन-तीन महिन्यांनी कपाट उघडून हात फिरवणं.

वाकलेली एलपी सरळ करता येते?

थोडी वाकलेली असेल तर दोन सपाट काचांमध्ये काही आठवडे दाबून ठेवा. ओव्हन, इस्त्री, ऊन यांनी खाचा वितळतात.

तडा गेलेली लाखेची तबकडी?

वाजवू नका, चिकटवू नका. पुठ्ठ्याच्या दोन सपाट तुकड्यांमध्ये ठेवा. तुकडे झाले असतील तर एकमेकांना घासणार नाहीत असे वेगळे गुंडाळून जपा, तज्ज्ञ ते जुळवून ध्वनी परत मिळवू शकतात.

धुण्याचं मशीन घ्यावं का?

पन्नासेक एलपी असतील तर गरज नाही. काही शे असतील तर हाताने फिरवायची स्पिन-क्लीन किंवा नॉस्टीसारखी टाकी बरी पडते. पाणी ओढून घेणारं व्हॅक्यूम मशीन सगळ्यात चांगलं, पण महाग. चार-पाच मित्रांनी मिळून घ्यावं असं ते आहे. लाखेच्या तबकड्या टाकीत किंवा ध्वनिलहरींनी धुणाऱ्या अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये घालू नका.

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात घेताना काय पाहू?

कव्हरावर भाळू नका, तबकडी बाहेर काढून उजेडात तिरकी धरा. वरवरचे बारीक केसासारखे ओरखडे फारसे ऐकू येत नाहीत. नखाला लागणारा ओरखडा ऐकू येतोच. खाचा करड्या, निस्तेज दिसत असतील तर झीज. मधलं भोक मोठं किंवा लंबगोल झालं असेल तर स्वर डुलेल. दुकानदार फडक्याने पुसून दाखवू लागला तर नम्रपणे थांबवा.

डिजिटल करून ठेवावं का?

नक्की, आणि धुतल्यानंतर. ९६ किलोहर्ट्‌झ, २४ बिट डब्ल्यूएव्हीमध्ये मूळ फाइल ठेवा. खरखर काढलेली प्रत वेगळी करा, मूळ पुसू नका. सुरुवातीच्या तबकड्यांचा शेवट कापू नका: छापणाऱ्यांना ओळख पटावी म्हणून गायक-गायिका शेवटी स्वतःचं नाव उच्चारत. जुन्या ७८ नेमक्या त्याच वेगाने मुद्रित झालेल्या नसतात, म्हणून गाणं अस्वाभाविक चढं वाटलं तर वेग तपासा.

इतरांना ऐकवायला नेटवर टाकणार असाल तर हक्क पाहा. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. कवी आणि संगीतकार यांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं.

आमच्याकडे जागा नाही. रद्दीत न देता कुठे द्यायच्या?

मुंबईत १९९० मध्ये सुरू झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संग्राहकांची संस्था आहे, अशा मंडळींशी आधी बोला. त्यासाठी यादी करून ठेवा: शिक्का, लेबलवरचा क्रमांक, गाणाऱ्याचं नाव, दोन्ही बाजूंचे मुखडे, वेग, अवस्था. लेबलजवळच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेले आकडेही उतरवा, एकाच गाण्याची दुसरी मुद्रणं त्यावरून वेगळी ओळखता येतात. दोन्ही लेबलांचे फोटो घ्या. फाटकी कव्हरंही सोबत द्या. तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, ही नावं अनेकदा फक्त एलपीच्या पाठच्या मजकुरातच असतात.